घरची डॉक्टर असून क्लेम पास होईना

(पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.)

मी ३४ वर्षांची, बीएएमएस. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर होते, मुलगी झाल्यावर नाइट जमेना म्हणून सोडलं. तीन वर्षांपासून घरूनच एका टीपीएसाठी, म्हणजे आरोग्य विम्याचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीसाठी काम करते. ऑफिस पुण्याला आणि मी नागपुरात आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत. कॅशलेसच्या, म्हणजे विमा कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते त्या, चाळीस-पंचेचाळीस केसेस रोज. घरी नवरा, सासूबाई, पाच वर्षांची मुलगी. सगळ्यांच्या मते मी "घरीच असते". मागच्या श्रावणात मावससासूबाईंचा अँजिओप्लास्टीचा क्लेम रिजेक्ट झाला, तो आमच्याच कंपनीकडे आलेला, पण टीम दुसरी. चार वर्षांपूर्वी दुसरीकडून इकडे आणलेली पॉलिसी, आणि बीपी दहा वर्षांपासूनचं असून फॉर्ममध्ये लिहिलं नाही असं कारण. महालक्ष्म्यांच्या जेवणात भर पंगतीत त्या म्हणाल्या, "घरची डॉक्टर असून काय कामाची." त्या रात्री मी सिस्टिममध्ये त्यांची फाइल उघडून बघितली. काही केलं नाही, बंद केली. तेव्हापासून कोणाचेही पैसे कापताना हात अडखळतो, झोप नीट नाही. दिवसभर आजारी लोकांचे पैसे कापणं हेच माझं डॉक्टरपण का? आता कंपनी म्हणते जुलैपासून पुण्याला या, नाहीतर बघा. नवरा म्हणतो सोड आणि खाली गाळ्यात क्लिनिक टाक. सोडू का?

---

अगं, "सोडू का" हे तू अगदी शेवटच्या ओळीत विचारलंस, आणि पंगतीला मात्र दीड पान दिलंस. कोणी काय वाढलं, कोण हसलं, नवरा कुठे बसला होता आणि गप्प कसा राहिला, सगळं. म्हणून मी पण पुण्याचं आणि क्लिनिकचं नंतर बघते, आधी पंगत.

मी कोण सांगणारी, तर २६ वर्षं नागपुरातच एका सरकारी विमा कंपनीच्या ऑफिसात काढली, त्यातली बरीचशी क्लेम डिपार्टमेंटला. मेडिक्लेम १९८६ साली आली तेव्हा लोकांना ती काय भानगड आहे हेच माहीत नव्हतं, आणि आम्हालाही फार होतं असं नाही. पुढे २००१ ला टीपीएंचे नियम आले आणि हळूहळू त्या फाइली आमच्या टेबलांवरून तुमच्यासारख्या पोरींच्या स्क्रीनवर गेल्या. त्यामुळे तू जे करून राहिली आहेस ते मी पण केलेलं आहे, फक्त टॅग बांधलेल्या जाड फाइलीवर आणि वरती पंखा खडखडत असताना. आणि मला पण म्हटलंय बरं का लोकांनी. माझ्या सख्ख्या काकांनी, लग्नात, आहेराच्या रांगेत उभे असताना.

तर तू म्हणतेस "मी लोकांचे पैसे कापते". यातला "मी" जरा तपासून बघू.

क्लेम नाकारायचा अधिकार टीपीएला नसतोच, तो विमा कंपनीचा. नाकारल्याचं पत्रसुद्धा कंपनीनेच द्यायचं असतं, कारणासकट. आणि २०२४ च्या मे महिन्यात इर्डाईचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा, जो मास्टर सर्क्युलर आला त्यात तर कंपनीच्याही एकट्यादुकट्या माणसाला नाकारता येत नाही, क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, आणि पॉलिसीतली कुठली अट मोडली ते दाखवावं लागतं. हे तुला पाठ असेल, ट्रेनिंगमध्ये पीपीटीवर दाखवलं असेल. पण रात्री अकरा वाजता छताकडे बघत पडलेली असतेस तेव्हा ती पीपीटी आठवत नाही, तेव्हा फक्त तू आणि तो पेशंट असता.

आता याचा अर्थ तुझी काहीच जबाबदारी नाही असा नाही हं. तुझी नोट वाचूनच पुढचा माणूस ठरवतो आणि खूपदा वाचतही नाही, शेवटची ओळ बघतो. आम्ही पण तेच करायचो. म्हणून "मी तर फक्त नोट लिहिते" असं म्हणून सुटका करून घेऊ नको, पण सगळं पाप आपल्याच पदरात पडलं असंही समजू नको.

कापण्याचंच घे. पाच लाखांची पॉलिसी, रूम रेंटची मर्यादा एक टक्का म्हणजे रोजचे ५,००० आणि पेशंटने घेतली ८,००० ची रूम. प्रपोर्शनेट डिडक्शन लागलं, म्हणजे रूमच्याच प्रमाणात (८,००० पैकी ५,०००, साडेबासष्ट टक्के) बाकीचं बिलही द्यायचं ठरलं, की डॉक्टरची फी, ओटी, नर्सिंग हे समजा १,६०,००० झालं असेल तर त्यातले १,००,०००च मिळणार, साठ हजार खिशातून. घरचे लोक म्हणतात रूमचा फरक रोजचा तीन हजार, चार दिवसांचे बारा हजार कापा ना, साठ कसे कापले, लूट आहे ही. त्यांचं चूक नाही, त्यांना पॉलिसी विकताना हे कोणी सांगितलेलंच नसतं. पण हेही बघ की २०२० च्या नियमांनंतर ही कात्री औषधांना लागत नाही, इम्प्लांटला लागत नाही, तपासण्यांना लागत नाही, आयसीयूला लागत नाही. आणि हॉस्पिटलचं बिल कसं येतं? सगळं एका पॅकेजच्या ओळीत कोंबून. त्यातून स्टेंट वेगळा काढायचा, औषधं वेगळी काढायची, हे कोण करणार? ज्याने ओटीत उभं राहून बघितलंय तोच करणार. ज्याला फक्त एक्सेल येतं तो सगळ्यावरच साडेबासष्ट टक्के लावून मोकळा होईल. मला वाटतं तुझं डॉक्टरपण तिथे आहे, रोज आहे, फक्त ते कोणाला दिसत नाही आणि त्या पेशंटला तर कधीच कळणार नाही. ओपीडीत पेशंट जाताना "येतो डॉक्टर" म्हणतो ना, तेवढं नाही तुझ्या कामात. ते लागतं गं माणसाला, नाही असं नाही.

पण मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. पाच पानांत एकाही सोबतच्या माणसाचा उल्लेख नाही. टीम लीडर आहे पण ती फक्त टॅट, म्हणजे केस किती वेळात संपवली ते, विचारते. बाकी कोणी नाही. कोणाशी बोललीस, कोणाला विचारलंस, कोणाबरोबर हसलीस, काहीच नाही.

आमच्याकडे फाइल चार टेबलं फिरायची. असिस्टंट, मग सिनियर, मग एओ म्हणजे प्रशासकीय अधिकारी, मग मॅनेजर. लोक शिव्या घालायचे की काय हा सरकारी कारभार, आणि आम्ही पण घालायचो. एकदा मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या फाइलवर लिहून मोकळी झाले, देय नाही, रिन्युअलमध्ये खंड आहे, अकरा दिवसांचा. समोरच्या टेबलावर एक भाऊ बसायचे, रिटायरमेंटला आलेले, तोंडात खर्रा, दिवसभर कोणाशी दोन वाक्यं बोलायचे नाहीत. ते चहा पिता पिता फाइल चाळत म्हणाले, बाई, हा डीडी कोणत्या तारखेचा आहे बघितलं का. बघितलं तर डीडी मुदतीच्या आतला, आमच्याच काउंटरवर आलेला, पावती फाडायला अकरा दिवस आम्ही लावलेले! माझी नोट मी खोडली. ते गृहस्थ पैसे घेऊन गेले, त्यांना यातलं काही माहीत नाही. आणि मी त्या रात्री शांत झोपले, कारण चूक झाली होती पण कोणीतरी बघितली होती.

तुझ्या मागच्या खोलीत समोरचं टेबल नाही. मला वाटतं तुझी झोप त्यानेच उडवलीय. क्लेम कापण्याने नाही, एकटीने कापण्याने. अँजिओ करायची गरज होती की नव्हती, हे ॲडमिशन फक्त तपासण्यांसाठी होतं का खरंच पेशंट आजारी होता, असल्या गोष्टी काळ्या-पांढऱ्या नसतातच. ऑफिसमध्ये खुर्ची मागे सरकवून "ए, हे बघ ना जरा" म्हटलं की अर्धं ओझं तिथेच उतरतं. घरून काम करताना त्यासाठी मेसेज टाइप करायचा, मग तिचं स्टेटस लाल आहे का पिवळं ते बघायचं, मग वाटतं जाऊ दे, आपल्याला येत नाही असं वाटेल. आणि तिकडे घड्याळ चालूच. कॅशलेसची विनंती आली की एका तासात निर्णय, डिस्चार्जचं फायनल तीन तासांत, उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च कंपनीच्या अंगावर. नियम चांगला आहे, पूर्वी लोक डिस्चार्ज मिळूनही संध्याकाळपर्यंत बॅगा भरून बसलेले असायचे, मी बघितलंय मेडिकल चौकातल्या हॉस्पिटलांत. पण तो तास शेवटी तुझ्यासारखीच्या मानेवर बसतो आणि त्या तासात तुला बाथरूमला जायचं असतं, मुलीला डबा द्यायचा असतो आणि बाहेरून आवाज येतो की कूलरमध्ये पाणी भर.

तर पहिली गोष्ट, नोकरी सोडण्याआधी सोबत माग. टीम लीडरला लेखी मेल टाक की आठवड्यातून एकदा अर्धा तास अवघड केसेसचा कॉल हवा, तीन-चार जणी असल्या तरी पुरे. "मला त्रास होतो" असं नको लिहू, कंपनीला त्याचं काही नसतं. लिही की एकसारख्या केसमध्ये वेगवेगळ्या लोकांचे वेगवेगळे निर्णय जातात, तक्रारी वाढतात, हे टाळायचं आहे. ही भाषा त्यांना कळते. नाही म्हटलं तर मग तुझ्याच बॅचची एखादी शोध, दोघींनी मिळून दिवसाच्या शेवटी दहा मिनिटं. फक्त ऑफिसच्या सिस्टिमवर. इथे एक कान पकडते, स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला "हे काय वाटतं गं" असं कधीही करू नको, नाव झाकून पण नको. घरून काम करणाऱ्या मुली हे सर्रास करतात, मला एक-दोघींनी दाखवलेत पण असे फोटो, मी म्हटलं बाप्पा, आधी डिलीट कर.

दुसरं, क्वेरी. एका केसला तीन-तीन वेळा क्वेरी टाकायची, आज डिस्चार्ज समरी, उद्या इनडोअर पेपर, परवा जुना रिपोर्ट, यातून लोक जेवढे चिडतात तेवढे नकारानेही चिडत नाहीत. पहिल्यांदाच पूर्ण वाचून एकदाच काय ते माग, आणि हॉस्पिटलकडून माग. कागद पेशंटने गोळा करत फिरायचे नाहीत, कंपनीने नाहीतर टीपीएने हॉस्पिटलकडून घ्यायचे, हे पण त्याच २०२४ च्या सर्क्युलरमध्ये आहे. आणि नोट अशी लिही की तुझ्या मावससासूबाईंना वाचून दाखवता येईल. म्हणजे दाखवायची नाही, पण दाखवता येईल अशी. "कागदपत्रे समाधानकारक नाहीत" ही नोट वाचून दाखवता येत नाही. "ॲडमिशनच्या दिवशी कोणतंही इंजेक्शन किंवा सलाइन दिल्याची नोंद नाही, सगळ्या तपासण्या ओपीडीत होऊ शकत होत्या" ही येते. माझा अनुभव असा की जी नोट मला धड शब्दांत लिहिता यायची नाही ती बहुतेक वेळा चुकीचीच असायची.

आता घरचं. तू लिहितेस घरच्यांना माझं काम कळत नाही. पण तू सांगितलंस का कधी? काय सांगितलंस? तुझ्या पत्रावरून वाटतं की "कॉम्प्युटरवर काम असतं" यापलीकडे सासूबाईंना काही माहीत नाही. मग त्यांच्या दृष्टीने तू खोलीत बसून मोबाइलसारखंच काहीतरी बघतेस, आणि "घरीच तर आहेस, सिलिंडरवाला आला की घेजो" यात त्यांचं काय चुकलं? तू आरएमओ होतीस तेव्हा त्यांनी तुला सिलिंडरसाठी फोन केला असता का? नसता. कारण तेव्हा तू गाडी काढून जायचीस, एप्रन असायचा. दिसत होतं.

दाराचं मी तुला एक सांगते, करून बघ. आत्तापर्यंत तू दार लावतेस ते "मला डिस्टर्ब होतं" म्हणून. त्यात घरच्यांना ऐकू येतं की आम्ही डिस्टर्ब करतो. त्याऐवजी त्यांना सांग की आत लोकांचे रिपोर्ट उघडे असतात. कोणाला एचआयव्ही निघालाय, कोणाचं गर्भाशय काढलंय, कोणाचा मुलगा व्यसनमुक्तीला आहे, आणि यातले काही नागपूरचेच असतात, ओळखीचेही निघतील. ते घरातल्या कोणाच्याही नजरेला पडता कामा नये, अगदी मुलीच्याही. त्यांना विचार, "आई, तुमचा रिपोर्ट असा कोणाच्या घरच्या डायनिंग टेबलवर उघडा पडलेला चालेल का तुम्हाला?" हे सासूबाईंना लगेच कळेल, आमच्या पिढीला अब्रूची भाषा लगेच कळते. दार पेशंटसाठी बंद आहे, तुझ्यासाठी नाही. आणि खरंच आहे ते, बहाणा नाही. तू लिहिलंस की दुपारी एसी एकाच खोलीत म्हणून सगळे तिथेच येऊन झोपतात आणि तू स्क्रीन तिरकी करून बसतेस. नवतपा आहे, ४५ डिग्रीत म्हातारीला बाहेर झोप म्हणणार नाही मी. पण मग तू बाहेर ये. बाहेरच्या खोलीत पाठ भिंतीला लागेल असं टेबल टाक, कूलर बाजूला, आणि एक बरा हेडफोन घे, नाहीतर कॉलवर त्यांना वाटतं तू विमानात बसलीस. राउटरला छोटा यूपीएस मिळतो तो लाव. लाइट गेली की व्हीपीएन तुटतं, लॉगिनचे तास कमी भरतात आणि ते रात्री भरून काढावे लागतात हे तूच लिहिलंयस, मग तीन वर्षं काहून थांबलीस?

सिलिंडर, कुरिअर, मुलीची व्हॅन हे सगळं कामच आहे, कोणीतरी करणारच. पण "घरी आहे म्हणून मी" हे गणित नवऱ्यासमोर एकदा मांड. भांडण नको. एका आठवड्यात दुपारी किती वेळा उठलीस ते कागदावर रेघा मारून ठेव आणि रविवारी पोहे खाताना पुढ्यात ठेव. तो बँकेत आहे म्हणतेस ना, काउंटरवर बसून कोणी पंधरा वेळा उठायला लावलं तर काय होतं ते त्याला माहीत असेल.

आता नातेवाइकांचं, आणि यात तुझं थोडं चुकलंय ते पण सांगते. फाइल उघडलीस ती उघडायला नको होती. काही बदललं नाहीस, मान्य, मी असते तर मी पण उघडली असती कदाचित. पण कोणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद सिस्टिममध्ये राहते आणि उद्या त्या क्लेमची तक्रार वर गेली तर तुझं नाव तिथे दिसेल. परत उघडू नको. विचारलं तर सरळ सांग, नातेवाईक आहेत, बघितली, काही केलं नाही. आणि इथून पुढे ओळखीच्या कोणाचीही केस तुझ्या रांगेत आली, अगदी तुझ्या जुन्या हॉस्पिटलमधल्या सरांचा पेशंट असला तरी, दोन ओळींचा मेल टाकून दुसऱ्याला द्यायला सांग. एकदा ही सवय लागली की घरच्यांना पण सांगता येतं, मी बघूच शकत नाही, माझी नोकरी जाईल. "मी बघेन" असं गुळमुळीत बोलतेस म्हणून लोक आशेवर राहतात. पंगतीतलं बोलणं काही अंशी त्या गुळमुळीतपणाचं पण आहे, राग मानू नको.

पुणं. पाच वर्षांची मुलगी, सासूबाई, नवऱ्याची नोकरी इथे, तू जाणार नाहीस, तुलाही माहीत आहे मलाही माहीत आहे, त्यावर जास्त वेळ नको. पण "नाहीतर बघा" याला घाबरण्याआधी एक कागद काढ, तुझं अपॉइंटमेंट लेटर. तू तिथे कर्मचारी आहेस का कन्सल्टंट? पगारातून पीएफ कापला जातो का नुसता दहा टक्के टीडीएस? बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस झालेल्या खूप मुलींना कन्सल्टंट म्हणून घेतात आणि त्यांना तीन-तीन वर्षं कळतच नाही की आपल्याला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी, ना बाळंतपणाची रजा. कन्सल्टंट असशील तर एक बरं आहे, बोलणी करायला मोकळी आहेस, कुठून काम करायचं हे करारात काय लिहिलंय ते बघ आणि त्याच्या आधारे बोल. कर्मचारी असशील तर कामाचं ठिकाण काय लिहिलंय आणि नोटीस किती दिवसांची ते बघ. महिन्यातून तीन-चार दिवस सलग येते, ट्रेनिंग आणि मीटिंग त्यात घ्या, असा मधला प्रस्ताव आधी तू टाक, त्यांच्या मेलची वाट बघू नको. कॅशलेसची शिफ्ट सोडून रिइम्बर्समेंट (पेशंटने आधी भरलेले पैसे नंतर परत मागायचे क्लेम) किंवा ऑडिटच्या टीमला टाकता का हेही त्याच मेलमध्ये विचार, तिथे तासाचं घड्याळ नसतं.

क्लिनिक. नवरा प्रेमाने म्हणत असेल, पण "खाली गाळा रिकामा आहे" हे क्लिनिक काढायचं कारण नाही. पेशंट सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर येतात, म्हणजे बरोबर जेव्हा तुझी मुलगी घरी असते, आणि पहिली दोन वर्षं येतात की नाही तेच कळत नाही. तुला ओपीडी आवडत होती का? पत्रात कुठे दिसलं नाही. तू सोडलंस नाइट ड्युटीमुळे असं लिहिलंस, पण सोडल्याचं वाईट वाटलं असं नाही लिहिलंस. आवडत असेल तर रविवारी सकाळी एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांकडे बसून बघ चार महिने. आवडत नसेल तर क्लेमच्याच कामात पुढे जायला रस्ता आहे, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा आहेत, लायसेन्शिएट, मग असोसिएट, मग फेलोशिप, घरी बसून अभ्यास करून देता येतात. आणि नागपुरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत इन्शुरन्स डेस्क असतातच, धंतोली-रामदासपेठेत चकरा मार, तिकडच्या टेबलावर बसून इकडच्या टेबलाला काय हवं असतं हे जिला माहीत आहे तिला ते सोडणार नाहीत. पगार कमी असेल, पण समोर माणसं असतील. तुझं पत्र वाचून मला सारखं वाटत होतं की या पोरीला माणसं हवीत.

आणि आता मावशी. त्यांच्या क्लेमचं काही होऊ शकत नाही असं तू गृहीत धरलंयस. कशावरून?

तूच लिहिलंस, "दुसरीकडून इकडे आणलेली पॉलिसी". आणलेली म्हणजे पोर्ट केलेली, खंड न पाडता नुसती कंपनी बदललेली का? का जुनी बंद पडली आणि मग नवी घेतली? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सलग ६० महिने विमा असेल तर आजार सांगितला नव्हता म्हणून क्लेम नाकारता येत नाही, ठरवून केलेली फसवणूक सिद्ध झाली तरच. २०२४ पर्यंत हा काळ आठ वर्षांचा होता, आता पाच. आणि पोर्ट केली असेल तर आधीच्या कंपनीतली वर्षं त्यात धरायची असतात. चार इकडची आणि तिकडची किती? पॉलिसीच्या कागदावर पहिल्यांदा विमा सुरू झाल्याची तारीख असते, नुसती या वर्षाची नाही. दुसरं, "बीपी दहा वर्षांपासून" हे कोणी लिहिलं? बहुतेक वेळा रात्री ॲडमिशनच्या वेळी सोबत आलेला पुतण्या किंवा जावई काहीतरी आकडा सांगतो आणि ड्युटीवरचा डॉक्टर लिहून टाकतो, तू स्वतः आरएमओ म्हणून किती वेळा लिहिलं असशील असं. बीपीची गोळी खरं कधी सुरू झाली याचं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र मिळतं का बघायला हवं. तिसरं, फॉर्म एजंटने भरून नुसती सही घेतली होती का.

हे तू करायचं नाहीस, तू त्या कंपनीत आहेस. त्यांच्या मुलाला घरी बोलाव, रिजेक्शनचं पत्र आणि जुन्या-नव्या सगळ्या पॉलिसी घेऊन यायला सांग, आणि कुठे बघायचं ते फक्त बोटाने दाखव. अर्ज त्याने लिहायचा, त्याच्या भाषेत. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी, इर्डाईच्या बिमा भरोसा पोर्टलवर पण टाकता येते, नाहीतर १५५२५५ ला फोन. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही की विमा लोकपाल, तिथे ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. त्यालाही एक वर्षाची मुदत असते, म्हणून मागच्या श्रावणानंतर त्यांनी कंपनीला काही लेखी कळवलं होतं का, आणि त्याचं उत्तर कोणत्या तारखेला आलं, हे त्याला पहिल्यांदा विचार. जुन्या पॉलिसी बहुतेक देवघराखालच्या ट्रंकेत असतील, आमच्या सगळ्यांच्या तिथेच असतात.